‘अडीच किलोच भरलं?’ – गरोदरपण, बाळाचं वजन आणि पुढचा डायबेटिस

मंजिरी_सां

बाळंतिणीच्या आहाराच्या धाग्यावर परवा एकीने लिहिलं की बाळ अडीच किलोचं झालं, आणि खाली धडाधड प्रतिसाद, ‘अडीचच?’, ‘नऊ महिने काही खाल्लं नसणार’, ‘आमच्या हिचं साडेतीन होतं’. तिथे भांडत बसण्यापेक्षा म्हटलं वेगळा धागा काढावा. मी डॉक्टर नाही, आरोग्याच्या सर्व्हेंचा डेटा साफ करायचं काम करते, त्यामुळे असले पेपर वाचायची खोड लागलीय.

याज्ञिक-युडकिन फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३, पण डेक्सा मशीनवर (क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजतात ते) मोजलं तर युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दोघांनी स्वतःचेच फोटो लावून २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये हे छापलं. फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, पण त्यामागचं काम आपल्याच जिल्ह्यातलं आहे आणि ते फारसं कोणाला माहीत नसतं.

१९९३ मध्ये पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डायबेटिस युनिटने पुण्याजवळच्या सहा गावांत पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी सुरू केली. सोबत इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची टीम, डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल वगैरे. मला या अभ्यासात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे बायका गरोदर राहायच्या आधीपासूनच त्यांची मापं घेऊन ठेवली होती, आणि दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घ्यायचे. ज्याने फील्डचा डेटा पाहिलाय त्यालाच याची किंमत कळेल, कारण नंतर विचारलं की ‘संक्रांतीच्या पुढंमागं’ असंच उत्तर येतं आणि मग बाळ लहान का, दिवस कमी भरले म्हणून की पोटात वाढलंच नाही म्हणून, हे सांगताच येत नाही. बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची १५२ सेंमी. म्हणजे आपल्या आज्या-माम्या डोळ्यासमोर आणा.

बाळ झालं की तीन दिवसांच्या आत मापं. सरासरी वजन २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. इथपर्यंत नवीन काही नाही. पण नुसता काटा बघून ते थांबले नाहीत, डोक्याचा घेर, दंडाचा घेर, पोटाचा घेर घेतला आणि खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजली. सगळ्यात जास्त तूट निघाली पोटाच्या घेरात, म्हणजे लिव्हर वगैरे अवयव लहान. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. आणि पाठीवरची ती चिमूट? ती इंग्लिश बाळांपेक्षा अगदी थोडीशीच कमी. म्हणजे पोटात खायला कमी पडलं तेव्हा या बाळाने स्नायू आणि अवयव यांच्यात काटकसर केली आणि चरबी मात्र राखून ठेवली. २००३ च्या पेपरमध्ये याला त्यांनी ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ म्हटलं. त्याच्या आधी नाळेतल्या रक्ताचंही पाहिलं होतं, लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा पुण्याची बाळं वजनाने कमी पण इन्सुलिन जास्त. पहिला श्वास घेतानाच.

आता यात बार्कर कुठून आला. त्याची गोष्ट भारी आहे. इंग्लंडातल्या हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या हाताखालच्या नर्सेस घरोघरी जाऊन बाळाचं जन्माचं वजन, वर्षाचं झाल्यावरचं वजन, अंगावर पितं की बाटलीने, असं सगळं वहीत लिहायच्या. त्या वह्या टिकल्या. ऐंशीच्या दशकात बार्करच्या टीमने त्यातले १९११ ते १९३० मध्ये जन्मलेले ५६५४ पुरुष शोधले आणि कोण हार्टने गेलं ते लावलं. वर्षाचे असताना ज्यांचं वजन १८ पौंड किंवा कमी (आठ किलोच्या आसपास) त्यांचा हृदयविकाराचा मृत्युदर, देशाचा सरासरी दर १०० धरला तर, १११. आणि २७ पौंड किंवा जास्त असलेल्यांचा ४२. तोपर्यंत सगळे म्हणत होते हार्ट अटॅक म्हणजे सिगरेट आणि लोणी, हा माणूस म्हणाला जरा मागे जा, पाळण्यापर्यंत, पाळण्याच्याही मागे.

पुण्याच्या गावांत अजून एक निघालं. आईने एकूण किती कॅलरी, किती प्रोटीन खाल्लं याचा बाळाच्या मापांशी फारसा संबंध लागला नाही. लागला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. आणि रक्त तपासलं तर दोन तृतीयांश बायकांत बी-१२ व्हिटॅमिन कमी, फोलेट (गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) मात्र जवळजवळ सगळ्यांचं ठीक. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर बघितलं तर ज्यांच्या आईचं गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्या मुलांत इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिन असूनही शरीर त्याला नीट दाद देत नाही, डायबेटिसची पहिली पायरी) सगळ्यात जास्त (हा पेपर २००८ चा).

मला म्हणायचंय एवढंच की ‘किती किलोचं झालं’ हा प्रश्न अपुरा आहे, आणि ‘आईने खाल्लं नसणार’ हे उत्तर तर त्याहून अपुरं. चर्चा करू.

टवाळखोर

म्हणजे माझी ढेरी माझी नसून आईच्या पोटातून घेऊन आलोय. धन्यवाद मंजिरीताई, हा धागा प्रिंट काढून बायकोला दाखवतो.

अस्मि_ता

वाचनखूण साठवली आहे. सविस्तर प्रतिसाद नंतर, पोरगं झोपलं की.

सातारी_सून

मोबाईलवरून टंकतेय त्यामुळे शुद्धलेखन चालवून घ्या. मंजिरी, खाल्लं नसणार हे लोक म्हणतात पण खाऊ कोण देतं ते पण बघा ना. माझ्या पहिल्या वेळी सासूबाई रोज सांगायच्या पोटभर जेवू नको, बाळ मोठं झालं की अडतं, आणि पोट गच्च भरलं की त्याला जागा राहत नाही. वाईट हेतूने नव्हत्या म्हणत, त्यांच्या सासूने त्यांना हेच सांगितलेलं आणि तेव्हा अडलेली बाई बैलगाडीतून नेईपर्यंत जायची, भीती खरी होती. मग बाळंत झाल्यावर मात्र डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, खसखस, सगळं एकदम तुपात. म्हणजे जेव्हा पोटात बाळ वाढत असतं तेव्हा हात आखडता आणि नंतर चाळीस दिवस नुसता मारा.

आणि काम? आमच्याकडे सातव्या महिन्यापर्यंत शेतात भांगलण केलेल्या बायका आहेत, पाणी भरणं धुणं वेगळंच. त्याचं काही मोजलं का या लोकांनी?

मंजिरी_सां

@सातारी_सून, मोजलंय! याच सहा गावांत, आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी. शेतातलं काम, पाणी आणणं, धुणं अशा कामांचा हिशेब धरून. ज्यांना पहिल्या आणि मधल्या महिन्यांत कामाचा भार जास्त त्यांच्या बाळांची मापं कमी. २००३ चा पेपर आहे. म्हणून मला ते ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ ऐकलं की हसू येतं, कळशी उतरवून घ्यायला कोणी पुढे येत नाही.

आकडेमोड

धागा चांगला आहे पण थोडं पाणी ओततो.

बार्करच्या थिअरीवर (पुढचे आजार जन्माआधीच्या वाढीवर ठरतात) २००२ मध्ये लॅन्सेटमध्येच रेचल हक्सली वगैरेंनी सगळे अभ्यास एकत्र करून बघितले. जन्माचं वजन आणि ब्लड प्रेशर. छोट्या अभ्यासांत, म्हणजे हजारापेक्षा कमी लोक, जन्माच्या वजनाच्या दर जादा किलोमागे बीपी जवळपास १.९ ने कमी दिसतं, आणि तीन हजारांच्या वरच्या अभ्यासांत तो फरक ०.६ वर येतो. अभ्यास जितका मोठा तितका परिणाम बारीक, हे कशाचं लक्षण असतं ते डेटावाल्यांना सांगायला नको, ज्यांना काही सापडलं त्यांनी छापलं आणि बाकीच्यांचं कपाटात राहिलं.

दुसरं म्हणजे जीन्स. एक्सेटरच्या हॅटर्सली यांनी दाखवलं की ग्लुकोकायनेज जीनमध्ये एक विशिष्ट बिघाड बाळात असेल आणि आईत नसेल तर बाळ साधारण अर्धा किलो कमी भरतं, आणि त्याच बिघाडामुळे त्याची साखर पुढे वाढलेली राहते. म्हणजे पोटात उपाशी राहिलं म्हणून डायबेटिस असं काही नाही, एकाच कारणाने दोन्ही. गर्भात इन्सुलिन हेच वाढीचं हार्मोन आहे, ते कमी तर वजन कमी. आता हा बिघाड दुर्मिळ आहे मान्य, पण तत्त्व लक्षात घ्या.

आणि तिसरं, गरिबी. कमी वजनाचं बाळ ज्या घरात जन्मतं तिथेच ते मोठं होतं. वहीत फक्त वजन लिहिलंय, घराची ओल कोणी लिहिली नाही.

मंजिरी_सां

@आकडेमोड, हक्सलीचा मुद्दा बरोबर आणि बीपीबद्दल मीही फार आग्रह धरणार नाही. पण तो बीपीचा पेपर आहे, डायबेटिसचा पुरावा त्यापेक्षा बराच घट्ट आहे आणि तो फक्त जन्माच्या वजनावर उभा नाही. दिल्लीचा बघा, १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेली मुलं, लहानपणी दर काही महिन्यांनी मापं घेतलेली. त्यातले १४९२ जण २६ ते ३२ वर्षांचे असताना परत तपासले (२००४, न्यू इंग्लंड जर्नल). ज्यांची साखर बिघडलेली ते दोन वर्षांचे होईपर्यंत बारीक होते, आणि नंतर बीएमआय चढत गेला. बाराव्या वर्षी यातला एकही लठ्ठ म्हणावा असा नव्हता. शाळेच्या डॉक्टरने तपासलं असतं तर ‘उत्तम’ लिहिलं असतं.

पुण्यातला जुना अभ्यासही हेच सांगतो, १९९९ ला छापलेला, आठ वर्षांच्या मुलांवरचा. सगळ्यात जास्त धोका जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी मोठी असलेल्यांना. नुसतं लहान किंवा नुसतं मोठं एवढ्याने नाही, या दोन टोकांमधला प्रवास महत्त्वाचा.

गरिबीचं, अर्थात. पण मग आपल्याकडचे हर्टफर्डशायरसारखे गरीब मध्यमवर्गीय होऊन बाईकवर बसले आणि डायबेटिस त्यानंतर आला ना?

डच_देशस्थ

आईंडहोवनहून. इथे राहून या विषयावर न बोलणं म्हणजे पाप.

१९४४ च्या सप्टेंबरात डच रेल्वेवाल्यांनी संप केला, जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला, त्यात कडाक्याची थंडी, कालवे गोठले. रेशन दिवसाला ४०० ते ८०० कॅलरीवर आलं, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. मे ४५ मध्ये सुटका झाली आणि लगेच खाणं पूर्ववत. म्हणजे उपासमारीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख आहे, आणि त्याआधी नि नंतर हे लोक चांगलं खाऊनपिऊन होते. @आकडेमोड, तुमचा गरिबीचा मुद्दा इथे बऱ्यापैकी गळतो, कारण त्या हिवाळ्यात शेजारीपाजारी सगळेच उपाशी होते.

ॲमस्टरडॅमच्या एका हॉस्पिटलने, विल्हेल्मिना खास्तहाउस, बाळंतपणाची सगळी कागदपत्रं ठेवली होती. टेसा रोझबूम यांच्या टीमने ती माणसं पन्नाशीत गाठली. शेवटच्या तीन महिन्यांत उपासमार झाली ती बाळं वजनाने कमी, हे कोणीही सांगेल. पण पहिल्या तीन महिन्यांत झाली आणि नंतर आईला खायला मिळालं ती बाळं जन्मताना अगदी व्यवस्थित वजनाची! आणि पन्नाशीत हृदयविकार यांच्यातच जास्त. साखर पचवण्यात गडबड मात्र गरोदरपणाच्या मधल्या-शेवटच्या काळात उपाशी राहिलेल्यांत जास्त दिसली. मंजिरीताई म्हणतात तेच, काट्यावर काही दिसेलच असं नाही.

अजून एक. इथे सूरीनामी हिंदुस्तानी खूप आहेत, त्यांचे पूर्वज १८७३ पासून बिहार-युपीतून गिरमिटिये (करारावरचे मजूर) म्हणून सूरीनामला गेलेले. सूरीनाममध्ये त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या नवजात बाळांची पुण्यासारखीच मापं घेतली (२००९). तीही थिन-फॅट. आता यावर काय म्हणायचं? इतक्या पिढ्या देश बदलून गेल्या, खाणं बदललं, आणि बाळाची ठेवण तीच.

आकडेमोड

@डच_देशस्थ, सूरीनामवाला माहीत नव्हता, आभार. पण मग हे माझ्याच बाजूने जातंय की! पाच पिढ्यांत बदललं नाही म्हणजे जीन्स.

मंजिरी_सां

घाई नको. २०१५ च्या सेल मेटाबॉलिझम या जर्नलमध्ये उंदरांवरचा अभ्यास आहे, आनंदवर्धन हार्डीकर आणि याज्ञिक वगैरे. ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर. त्यांच्यात इन्सुलिन जास्त, बी-१२ कमी, डायबेटिसची शक्यता जास्त, आपलीच जात म्हणा. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर नॉर्मल खायला घातलं. फरक पडला नाही, साखर-इन्सुलिनचं बिघडलेलं तसंच. जीन्स तेच असून जीन्सवरच्या (त्यांना चालू-बंद करणाऱ्या) खुणा बदलल्या होत्या. म्हणजे ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकलं’ याचा अर्थ आपोआप ‘डीएनएत लिहिलंय’ असा होत नाही. सूरीनामचं नक्की काय ते जीन्सवाले आणि खुणावाले या दोनांपैकी कोणताही गट छातीठोक सांगू शकत नाही असं माझं मत, पण दुष्काळ आपल्या अंगात किती खोल गेलाय याचा अंदाज येतो.

निशिगंधा_पी

मी सध्या चौथ्या महिन्यात आहे आणि वर वाचून घाबरले. माझं बी-१२ कमी आलंय (शाकाहारी, दूधही आवडत नाही) आणि मी फॉलिक ॲसिड घेतेय. फोलेट जास्त आणि बी-१२ कमी म्हणजे वाईट ना? मग फॉलिक ॲसिड बंद करू का? प्लीज कोणीतरी लवकर सांगा.

कफसिरप

बंद करू नका. आधी हे वाचा मग बाकीचं. (मी बालरोगतज्ज्ञ आहे, इथे लिहितो ते सल्ला म्हणून घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

फॉलिक ॲसिडचा पुरावा या सगळ्या धाग्यातल्या कुठल्याही पुराव्यापेक्षा भक्कम आहे. १९९१ ची एमआरसीची (ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल) ट्रायल, सात देशांत, आधीच्या बाळाला मज्जातंतूच्या नळीचा (जिच्यातून मेंदू आणि मणक्यातली मज्जा तयार होते) दोष होता अशा बायकांवर. फॉलिक ॲसिडने दोष परत होण्याचं प्रमाण ७२ टक्के कमी झालं. इतकं की ट्रायल मध्येच थांबवावी लागली. ही नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते, बऱ्याच जणींना तोवर दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं, म्हणून तर आधीपासून घ्यायला सांगतो.

पुण्याच्या अभ्यासातून निघणारा अर्थ ‘फॉलिक कमी करा’ असा नाही, ‘बी-१२ कडे बघा’ असा आहे. शरीरात ही दोघं जोडीने काम करतात, बी-१२ नसेल तर फोलेट अडकून पडतं, वापरलं जात नाही. आपल्या सरकारी गोळीत लोह आणि फॉलिक आहे, बी-१२ नाही, आणि आपली निम्मी जनता शाकाहारी किंवा मटण महिन्यातून एकदा. तुमचा रिपोर्ट घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा, बी-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शन दोन्ही स्वस्त आहेत आणि गरोदरपणात चालतात. आणि दूध आवडत नसेल तर दही, ताक, पनीर, अंडं चालत असेल तर अंडं. स्पिरुलिनाने बी-१२ मिळतं असं कोणी सांगितलं तर त्याला फोन ठेवायला सांगा.

निशिगंधा_पी

हुश्श. धन्यवाद डॉक्टर. उद्याची अपॉइंटमेंट घेतली.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, दही पनीर बोलणं सोपं आहे. आमच्याकडं दूध डेअरीत जाते न घरात चहापुरतं राहते. माय अंगणवाडीत मदतनीस होती, ती सांगायची गरोदर बाईले जे पाकीट भेटे ते घरी गेलं की चार लेकरांत वाटल्या जाय, एकटी कोण खाईन? पालेभाजी मातर फुकट असते, तांदुळजा, घोळ, बांधावर पाहिजे तेवढी. पण ती गरिबाची भाजी म्हणून पाहुण्याले नाही वाढत न गरोदर बाईलेही नाही, तिले काय तं साबुदाणा.

आकडेमोड

वऱ्हाडी_ठेचा यांनी नस पकडली. वाटून खाल्लं जाणं ही खरी अडचण आणि मुंबईच्या ट्रायलने ती सोडवली होती. २००६ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये, डॉ. रमेश पोतदार आणि परत कॅरोलिन फॉल. साडेसहा हजार बायका, गरोदर राहायच्या आधीपासून. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला समोशासारखा खाऊ, दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा पण बटाटा-कांदा वगैरेचा. केंद्रावर येऊन समोर खायचा, घरी न्यायचा नाही.

आणि निकाल? सगळ्या बायका धरल्या तर बाळाच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. ज्यांनी गर्भ राहायच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केली होती त्यांच्यात ४८ ग्रॅम जास्त. आईचं वजन बरं असेल तर परिणाम जास्त, अगदी हाडकुळ्या बायकांमध्ये नाही. माझ्यासारखा माणूस म्हणणार की मुख्य निकाल फसला की मग असे उपगट काढून काहीतरी दाखवतात. पण प्रामाणिकपणे सांगतो, गरोदरपणातल्या डायबेटिसचा आकडा बघून मी गप्प बसलो. बटाट्याच्या गटात १२.४ टक्के, पालेभाजीच्या गटात ७.३. बाळाचं वजन वाढवायला गेले आणि आईची साखर आटोक्यात आली.

प्राची_कुल

इतका वेळ नुसती वाचत होते, आता लिहितेच. सगळा धागा बाळाबद्दल चाललाय, आईचं काय? मला गरोदरपणात शुगर निघाली, शेवटचे तीन महिने डाएट, बोट टोचणं, इन्सुलिनपर्यंत गेलं. ज्या हॉस्पिटलात झाले तिथे डिलिव्हरी झाली त्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं आता झालं, संपलं, पेढे खा. डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लसींचं अख्खं टाइमटेबल होतं, माझ्या शुगरबद्दल एक ओळ नाही. मुलगी चार वर्षांची झाली. मागच्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये प्रीडायबेटिस आलं तेव्हा तिथला डॉक्टर मलाच विचारतो, डिलिव्हरीनंतर परत टेस्ट केली नव्हती का? अरे मला कोणी सांगितलं तर करणार ना.

कफसिरप

@प्राची_कुल, तुमचा राग शंभर टक्के रास्त. आमच्या धंद्यात बाळंतपण झालं की बाई स्त्रीरोगवाल्यांकडून सुटते आणि फिजिशियनकडे पोचत नाही, मधल्या फटीत पडते. माझ्याकडे ती येते पण मी बघतो बाळाला.

आकडे असे आहेत: गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे टाइप २ डायबेटिस होण्याची शक्यता, न झालेल्या बाईच्या तुलनेत सातपटीहून जास्त (लॅन्सेट २००९). गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रोटीन गेलं, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, तर पुढे हृदयविकाराची शक्यता दुप्पट आणि कायमच्या बीपीची जवळपास पावणेचौपट (बीएमजे २००७). म्हणजे गरोदरपण ही शरीराची फुकटात झालेली स्ट्रेस टेस्टच असते. तिचा रिपोर्ट आम्ही रद्दीत घालतो.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: सरकारी नियमात प्रत्येक गरोदर बाईची साखर तपासायची आहे, पहिल्या भेटीत आणि मग २४ ते २८ आठवड्यांत परत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, उपाशीपोटी असायची गरज नाही, दोन तासांनी रक्त, १४० किंवा वर आलं की उपचार. आणि डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांनी परत तीच ग्लुकोज टेस्ट. बाळाच्या दीड महिन्याच्या डोसाला जाता तेव्हाच करून टाका, तारीख वेगळी लक्षात ठेवायला नको.

सातारी_सून

दीड महिन्याच्या डोसाबरोबर, हे भारी. माझी जाऊ पुढच्या महिन्यात बाळंत होतेय, तिचीही शुगर निघालीय, तिला सांगते. पण ती तेव्हा माहेरी असणार, फाइल इकडेच राहते नेहमी.

कफसिरप

फाइलचे फोटो काढून तिच्या आणि तिच्या आईच्या, दोघींच्या मोबाईलवर पाठवा. आणि टेस्ट आहे हे आईलाच सांगा, सव्वा महिन्यात बाळंतिणीला घराबाहेर कोण सोडणार हे त्याच ठरवतात.

टवाळखोर

आता जरा सिरियस. मुलगा माझा २.३ किलोचा झाला होता, आता पाच वर्षांचा, काडीपैलवान. घरात सगळे मागे लागलेत की अंगाने भरला पाहिजे, आजी रोज तूपसाखर पोळी, वर चॉकलेट पावडरवालं दूध. मंजिरीताई तुमचं दिल्ली वाचून आता वाटतंय की उलटं चाललंय का?

मंजिरी_सां

@टवाळखोर, डॉक्टर सांगतीलच पण अभ्यासांतून जे दिसतं ते असं की पहिल्या दोन वर्षांतली वाढ चांगलीच, अंगावरचं दूध आणि वेळेवर वरचं खाणं. नंतर मात्र उंची वाढतेय का, खेळतोय का ते बघायचं, अंग भरायच्या मागे लागायचं नाही. तुमच्या मुलासारख्यांचंच पुढे काय झालं ते पुण्याच्या त्या सहा गावांतल्या मुलांनी दाखवलंय. ती १८ वर्षांची झाल्यावर ग्लुकोज टेस्ट केली, २०२१ मध्ये छापलं. मुलांमध्ये ३७ टक्के आणि मुलींमध्ये १८ टक्के जणांची साखर नॉर्मलच्या वर, बहुतेक प्रीडायबेटिस. खेड्यातली, सडपातळ पोरं! आणि ज्यांचं पोटात असताना वाढणं कमी पडलं, आणि ज्यांची साखर सहाव्या नि बाराव्या वर्षी बाकीच्यांपेक्षा वर होती, त्यांच्यात हे जास्त.

यातल्याच मुलामुलींना २०१२ पासून बी-१२ देऊन बघायची ट्रायलही केली, प्रिया नावाची, मुली लग्न होऊन आई होईपर्यंत. ४२ किलोच्या बायकांपासून सुरू झालेला अभ्यास आता नातवंडांची मापं घेतोय. त्यावर वेगळा धागा काढेन, हा फार लांबला.

कफसिरप

@टवाळखोर, चॉकलेट पावडर बंद, तूप राहू द्या पण पोळीवरची साखर काढा. उंची-वजनाचा तक्ता शाळेत भरून घेतात तो मागून घ्या आणि मागच्या तीन वर्षांचे आकडे मला व्यनि (खाजगी निरोप) करा, एका आकड्यावरून मी काही बोलणार नाही.

टवाळखोर

करतो. आजीला कोण सांगणार ते पण व्यनित कळवा.

प्राची_कुल

@कफसिरप, मला आता काय करायचं? नुसती एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट) चालते का दरवर्षी? आणि दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे.

कफसिरप

दरवर्षी एचबीएवनसी आणि उपाशीपोटीची साखर, पण हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीएवनसी फसवते, आधी ते तपासा. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहायच्या आधी साखर आटोक्यात हवी, म्हणजे आत्ताच फिजिशियन गाठा, फॉलिक ॲसिड आत्तापासून, बी-१२ तपासून. आणि पहिल्या भेटीतच स्त्रीरोगवाल्यांना सांगा की मागच्या वेळी इन्सुलिन लागलं होतं. ते विचारतीलच या भरवशावर राहू नका.